पदवीनंतर थेट एमबीए: पुण्यातील एका कॅट क्लासचे परीक्षण

संख्याशास्त्रात बीएस्सी करताना दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर मी पुण्याच्या मध्यवर्ती भागातील एका क्लासमध्ये कॅटसाठी, म्हणजे देशातल्या मोठ्या व्यवस्थापन संस्थांच्या एमबीए प्रवेशपरीक्षेसाठी, नाव घातले. नोव्हेंबर २०२३ पासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत मी तिथे शिकले आणि परीक्षेनंतर मुलाखतीची तयारीही तिथेच केली. शुल्क ४६,००० रुपये होते आणि ते बाबांनी तीन हप्त्यांत भरले. क्लासचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्या उणिवा मला जाणवल्या त्या इतर क्लासमध्ये शिकणाऱ्या मैत्रिणींनीही जवळजवळ त्याच शब्दांत सांगितल्या आहेत. नोकरीचा एक दिवसाचाही अनुभव नसताना पदवीनंतर लगेच वरच्या दर्जाच्या व्यवस्थापन संस्थेत जाऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला, म्हणजे क्लासच्या भाषेत फ्रेशरला, असा क्लास नेमका कुठे उपयोगी पडतो आणि कुठे त्याला वाऱ्यावर सोडतो, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी शिकवणीबद्दल, कारण ती चांगली होती आणि ते स्पष्टपणे सांगितले पाहिजे. कॅटचे तीन भाग असतात: इंग्रजी वाचन व भाषा, माहितीचे विश्लेषण व तर्क, आणि गणित. प्रत्येक भागाला बरोबर ४० मिनिटे मिळतात आणि वेळ संपली की मागे जाता येत नाही. २०२४ च्या परीक्षेत अनुक्रमे २४, २२ आणि २२ असे ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तराला तीन गुण मिळतात, बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक गुण जातो, आणि जिथे उत्तर स्वतः टंकित करायचे असते तिथे चुकल्यास काहीच जात नाही. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात, शाळेपासून सगळा पेपर सोडवायची सवय असलेल्या मुलीला निम्मे प्रश्न शांतपणे सोडून द्यायला शिकणे फार जड जाते, आणि तेच आम्हाला तर्काच्या भागाच्या सरांनी शिकवले. या भागात एकेका माहितीवर आधारलेल्या प्रश्नांचे पाच संच असतात. सर पहिली सहा मिनिटे एकही प्रश्न सोडवू देत नसत. पाचही संच वाचा, प्रत्येकासमोर ‘आता’, ‘नंतर’ किंवा ‘नाही’ असे लिहा आणि मगच सुरुवात करा, असा त्यांचा दंडक होता. एप्रिलमध्ये मला या भागात एकही संच पूर्ण सुटत नव्हता आणि ऑक्टोबरमध्ये तीन सुटू लागले. त्याचे श्रेय मी निःसंकोचपणे त्यांना देते.

इंग्रजी वाचनाच्या भागात मात्र क्लासची पद्धत एकाच प्रकारच्या विद्यार्थ्याला समोर ठेवून आखलेली होती. मी दहावीपर्यंत सांगलीत मराठी माध्यमात शिकले. तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, कलेचा इतिहास अशा विषयांवरचे इंग्रजी उतारे वाचताना माझी अडचण शब्दांची नव्हती. लेखक कुठे स्वतःचे मत मांडतो आहे आणि कुठे दुसऱ्याचे मत खोडण्यासाठी आधी ते सांगतो आहे, हे पहिल्या वाचनात ध्यानात येत नसे. क्लासने मला दोन हजार शब्दांची एक पुस्तिका दिली आणि रोज वर्तमानपत्र वाचायला सांगितले. या सल्ल्याने काही बिघडले नाही, पण दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे असा तो प्रकार होता. शेवटी मीच प्रत्येक परिच्छेदाशेजारी मराठीत एक ओळ लिहायला लागले, ‘इथे विरोध सुरू’, ‘इथे उदाहरण, मुद्दा वरचाच’ अशी, आणि दोन महिन्यांत फरक पडला. मराठी माध्यमातून येणाऱ्या कोणालाही मी हाच मार्ग सांगेन.

मॉक, म्हणजे सराव परीक्षांची मालिका हा या शुल्कातला सर्वांत मोलाचा भाग होता. एकूण वीस मॉक झाल्या आणि प्रत्येक मॉकनंतर एक विश्लेषणाचा तास होत असे. त्या तासाला प्रत्येकाने एका जाड वहीत चार रकाने आखायचे: येत होते आणि सोडवले, येत होते पण सोडून दिले, येत नव्हते तरी वेळ घालवला, आणि चुकून बरोबर आले. चौथा रकाना भरताना पहिल्यांदा मला राग आला होता, कारण त्यात माझे नऊ गुण गेले. पुढे तोच रकाना सर्वांत प्रामाणिक वाटू लागला. ही वही अजून माझ्याकडे आहे आणि माझी धाकटी बहीण ती वापरते आहे.

आता जिथे माझे नुकसान झाले त्या गोष्टीकडे येते.

नाव घालण्याआधी क्लासच्या काउन्सेलर मॅडमशी अर्ध्या तासाची भेट झाली होती. बाबा सांगलीहून त्यासाठी मुद्दाम आले होते. मला दहावीला ९१ टक्के होते, बारावीला ७४. बारावीचे गुण कमी आहेत, त्याचा परिणाम होईल का, असे बाबांनी दोनदा विचारले. मॅडम म्हणाल्या, “कॅट चांगली गेली की बारावी कोण बघतं, काका?” हे उत्तर चुकीचे होते, आणि ते चुकीचे आहे हे क्लासला माहीत असायलाच हवे होते. प्रवेशाचे निकष आयआयएम, म्हणजे भारतीय व्यवस्थापन संस्था, स्वतःच्या संकेतस्थळावर दरवर्षी जाहीर करतात. बंगळुरूची संस्था मुलाखतीला बोलावण्याआधी कॅटच्या गुणांसोबत दहावी, बारावी आणि पदवीचे गुण व कामाचा अनुभव एकत्र जोखते. अहमदाबादच्या संस्थेतही दहावी, बारावी, पदवी आणि अनुभव यांवरून अर्जाचे मूल्यमापन होते, शिवाय पदवीच्या शाखांचे गट करून प्रत्येक गटातल्या वरच्या काही उमेदवारांना बोलावण्याची तिथे पद्धत आहे. याचा अर्थ असा की ज्याला नोकरीचा अनुभव नाही, त्याच्या अर्जातला एक रकाना आधीच रिकामा असतो, आणि तो भरून काढायला कॅटचे गुण किंवा जुने शैक्षणिक गुण एवढीच साधने उरतात. माझे बारावीचे गुण बदलणार नव्हते. पण हे पहिल्याच दिवशी कळले असते, तर कोणत्या संस्थांवर भर द्यायचा आणि कोणत्यांची आशा बेताने ठेवायची, हे मी वर्षभर आधी ठरवले असते.

परसेंटाइलच्या, म्हणजे परीक्षा देणाऱ्या शंभरांत किती जण आपल्या मागे आहेत ते सांगणाऱ्या आकड्याच्या, बाबतीतही तेच. क्लासच्या भिंतीवर ९९ च्या पुढचे आकडे आणि फोटो लावलेले असतात, त्यामुळे ९५ म्हणजे अपयश आणि ९९ म्हणजे सगळी दारे उघडी, असा समज नकळत होतो. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली. त्यात ९७ परसेंटाइल मिळालेल्या विद्यार्थ्याच्या पुढे साधारण ८,८०० जण असतात. हा हिशेब मी स्वतः वहीत मांडला तेव्हा मला बरेही वाटले आणि भीतीही वाटली, आणि दोन्ही भावना खऱ्याच होत्या. माझा निकाल १९ डिसेंबरला लागला तेव्हा मला ९७ च्या किंचित वर परसेंटाइल होते. अहमदाबाद, बंगळुरू आणि कोलकाता यांपैकी कुठूनही बोलावणे आले नाही. बोलावणी आली ती नव्या आयआयएमच्या संयुक्त प्रवेशप्रक्रियेकडून आणि आणखी दोन संस्थांकडून.

अर्जांच्या वेळापत्रकाबद्दल माझी तक्रार अधिक गंभीर आहे. कॅटचा अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरून झाला की बाकीचे परीक्षेनंतर पाहू, असे क्लासचे धोरण होते. पण मुंबईच्या अंधेरीतील एस. पी. जैन संस्था उमेदवाराच्या एकूण कामगिरीवरूनही पहिली निवड करते, तिच्या अर्जात स्वतःबद्दल लेखी उत्तरे द्यावी लागतात, आणि तो अर्ज नोव्हेंबरमध्येच, म्हणजे नेमका कॅटच्या तोंडावर भरावा लागतो. फ्रेशरसाठी ही महत्त्वाची संधी असते, कारण महाविद्यालयात काय केले, कोणत्या गोष्टीची जबाबदारी घेतली, हे तिथे मोकळेपणाने मांडता येते. मला ही मुदत एका मैत्रिणीकडून चार दिवस आधी कळली. दोन वर्षे मी आमच्या गावाकडच्या पतसंस्थेत सुट्टीत बसून थकबाकीच्या नोंदी संगणकावर चढवल्या होत्या. त्याबद्दल नीट लिहायला एक आठवडा तरी लागला असता. ते मी रात्री अकरानंतर, मॉकचा थकवा अंगावर घेऊन, दीड तासात उरकले. तो अर्ज पुढे गेला नाही, आणि माझ्या लिखाणाकडे आज पाहताना तो जायला हवा होता असे मला वाटत नाही. पण मुदत आधी सांगणे हे क्लासचे काम होते.

सिम्बायोसिसच्या स्नॅप परीक्षेबाबत माहिती वेळेवर मिळाली. ती तीन वेळा देता येते आणि त्यांतले सर्वांत चांगले गुण धरले जातात, हे आम्हाला सप्टेंबरमध्येच सांगितले होते. एक्सएलआरआय व इतर काही व्यवस्थापन संस्थांच्या एक्सएटी प्रवेशपरीक्षेतील निर्णयक्षमतेच्या भागासाठी मात्र दोनच तास झाले, तेही घाईत. राज्याच्या एमबीए सीईटीकडे तर क्लासने जवळजवळ दुर्लक्षच केले. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे मला समजण्यापलीकडचे आहे. चर्चगेटची जमनालाल बजाज संस्था, जी १९६५ पासून चालू आहे आणि जिचे नाव देशातल्या जुन्या व नामांकित व्यवस्थापन संस्थांत घेतले जाते, तिचा रस्ता याच परीक्षेतून जातो. मोठ्या आयआयएममध्ये दोन वर्षांना वीस लाखांहून अधिक खर्च येतो, आणि त्या तुलनेत जमनालाल बजाजमधला खर्च खूपच कमी आहे. ज्या घरात शैक्षणिक कर्जाचा हप्ता हा जेवणाच्या ताटावरचा विषय असतो, त्या घराला हा फरक आधी सांगितला पाहिजे. सीईटीची जातकुळीही वेगळी आहे. १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराला दंड नसतो. कॅटमध्ये सोडून द्यायला शिकलेल्या हाताला तिथे एकही प्रश्न रिकामा न ठेवण्याची सवय लावावी लागते, आणि त्यासाठी सहा-सात आठवड्यांचा स्वतंत्र सराव लागतो. तो मी एकटीने केला.

परदेशी संस्थांबद्दल क्लासने एक संध्याकाळ माहितीसत्र घेतले होते. ‘पदवीनंतर थेट हार्वर्ड’ असे त्याच्या फलकावर लिहिले होते, आणि ते शब्द दिशाभूल करणारे होते. हार्वर्डच्या ‘टू प्लस टू’ योजनेत अर्ज शेवटच्या वर्षात करता येतो हे खरे, पण निवड झाल्यावर किमान दोन वर्षे काम केल्यानंतरच वर्गात बसता येते. म्हणजे जागा आधी राखली जाते, शिक्षण नंतर होते. स्टॅनफर्डसारख्या इतर काही संस्थांच्या योजनाही याच धर्तीच्या आहेत. येलची ‘सिल्व्हर स्कॉलर्स’ ही निराळी आहे, तिथे पदवीनंतर लगेच पहिले वर्ष, मग कामाचा अनुभव आणि मग उरलेले वर्ष असा क्रम असतो. सत्रात हा फरक कोणी समजावला नाही. माझ्याबरोबरच्या एका मुलाने त्या संध्याकाळी जीमॅटच्या, म्हणजे परदेशी एमबीएसाठीच्या परीक्षेच्या, वेगळ्या बॅचचे पैसे भरले आणि दोन वर्षांच्या कामाची अट त्याला महिन्याभराने कळली.

मुलाखतीच्या तयारीबद्दल लिहिताना मात्र माझा सूर वेगळा आहे, आणि तो एका माणसामुळे. जानेवारीत क्लासने आम्हाला ‘एमबीए का?’, ‘आत्ताच का?’, ‘तुमचे दोष कोणते?’ अशा प्रश्नांची छापील उत्तरे दिली होती. गटातल्या अकरा जणांपैकी सात जणांनी आपला दोष म्हणून ‘मी कामात फार परिपूर्णता शोधते’ हेच सांगितले, तेव्हा त्या कागदांची किंमत कळली. त्यानंतर सराव मुलाखतीसाठी एक निवृत्त प्राध्यापक यायचे. पोटमाळ्यावरच्या लहान खोलीत, एक टेबल आणि तीन खुर्च्या, पंख्याचा आवाज. त्यांनी माझ्या अर्जावर नजर टाकली, सांगली आणि संख्याशास्त्र हे दोन शब्द पेन्सिलीने अधोरेखित केले, आणि बाकीचा कागद बाजूला ठेवला.

“सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीची एक हजार पोती आली आहेत. सरासरी प्रत कशी आहे ते पाहायचे आहे. किती पोत्यांतून नमुना घेशील?”

मी कागदावर सूत्र लिहू लागले. त्यांनी माझा हात थांबवला. “मला सूत्र येत नाही असं समज. मी हळदीचा व्यापारी आहे. मला बोलून सांग. आणि पोती दहा हजार असली तर दसपट नमुना घेशील का?”

नमुन्याचा आकार मालाच्या ढिगापेक्षा मालातल्या फरकावर आणि आपल्याला हव्या असलेल्या अचूकतेवर अवलंबून असतो, हे मी दोन सत्रांत परीक्षेत लिहिले होते आणि चांगले गुणही मिळवले होते. तोंडी सांगताना मात्र माझी गाडी अडली. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, की शितावरून भाताची परीक्षा करताना पातेले लहान की मोठे याने फारसे बिघडत नाही, भात सारखा शिजलेला असला की झाले. त्यांना ते आवडले, पण त्यांनी सोडले नाही. “पण ही पोती एका पातेल्यातली नाहीत. साठ शेतकऱ्यांची आहेत. कोणाची हळद नीट वाळलेली, कोणाची ओलसर. मग?” मग मी म्हणाले, आधी शेतकऱ्यांप्रमाणे ढीग वेगळे करीन आणि प्रत्येक ढिगातून थोडी थोडी पोती घेईन. याला आमच्या पुस्तकात स्तरित नमुना म्हणतात. तो शब्द मी तीन वर्षे वापरत होते, पण त्या खोलीत तो मला पहिल्यांदा कळला.

पुढचा अर्धा तास त्यांनी हरिपूरच्या पेवांबद्दल विचारले. जमिनीखाली हळद साठवण्याची ती पद्धत कशी होती, माल साठवणाऱ्याला भावाचा फायदा कसा मिळतो, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा शेतकऱ्याला नेमका काय उपयोग, असे प्रश्न होते. त्यांतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे मला आली नाहीत. माझे गाव हरिपूरपासून सायकलच्या अंतरावर आहे. सर म्हणाले, “तुला अनुभव नाही, त्यामुळे समोरचे लोक तुला तुझ्या नोकरीबद्दल विचारू शकत नाहीत. तुझी पदवी, तुझं गाव आणि तू केलेलं एखादं काम, एवढंच त्यांच्याकडे आहे. तिथं तू कच्ची सापडता कामा नयेस.” त्या दिवसापासून छापील उत्तरे मी बॅगेतून काढून टाकली. एका सुट्टीत घरी जाऊन दोन दिवस यार्डात लिलाव पाहिला, आणि पतसंस्थेतल्या थकबाकीच्या नोंदींचे वर्गीकरण नव्याने करून पाहिले.

प्रत्यक्ष मुलाखतीत मला २०२४ च्या लोकसभा निवडणुकीचे मतदानोत्तर अंदाज का चुकले असे विचारले. नमुना मोठा होता तरी चुकले ते का, हा त्यातला खरा प्रश्न होता. मी पोत्यांचेच उदाहरण घेतले: ढीग नीट वेगळे केले नाहीत, किंवा काही ढिगांनी आपले पोते उघडूच दिले नाही, तर कितीही पोती तपासली तरी अंदाज एका बाजूला झुकतो. समोरच्या दोघांपैकी एकाने पुढे विचारले, मग उत्तर द्यायला नकार देणाऱ्यांचा हिशेब कसा धरशील, आणि उरलेली दहा मिनिटे आम्ही त्यावरच बोलत होतो. मे महिन्यात नव्या आयआयएमपैकी एका संस्थेत मला प्रवेश मिळाला.

क्लास लावायचा की नाही, असे विचारणाऱ्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना मी आता पुढील गोष्टी सांगते. गणित पक्के असेल तर पूर्ण वर्षाच्या बॅचची गरज नाही. मॉक मालिका आणि तर्काच्या भागाचे तास वेगळे मिळत असतील तर तेवढेच घ्या, माझ्या क्लासमध्ये ते १४,००० रुपयांत मिळत होते, पण मी विचारेपर्यंत हे मला कोणी सांगितले नाही. पैसे भरण्याआधी आपले दहावी, बारावी आणि पदवीचे गुण एका कागदावर लिहून काउन्सेलरसमोर ठेवा आणि या गुणांवर अनुभवाशिवाय गेल्या वर्षी तुमच्या कोणत्या विद्यार्थ्यांना कुठून बोलावणी आली ते विचारा. उत्तर म्हणून भिंतीवरचा फोटो दाखवला गेला तर उठून या. ऑगस्ट ते जानेवारीपर्यंतच्या सर्व अर्जांच्या तारखा स्वतः कॅलेंडरवर लिहा, क्लासच्या भरवशावर राहू नका. आणि मुलाखतीचा सराव कोण घेणार, ते नावासह विचारा. माझ्या क्लासने तीच गोष्ट जाहिरातीत कुठेही लिहिली नव्हती. ते प्राध्यापक यंदाही शनिवारी दुपारी येतात असे बहिणीकडून कळले, आणि त्यांच्या सत्रांचे शुल्क बाहेरच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येकी ८०० रुपये घेतले जाते.